नारळावरची टोपी

डहाणूसारख्या गावात लोकर विणणारी बाई म्हणजे थोडी सटकलेली, असं इथे सगळ्यांचं ठाम मत आहे आणि ते माझ्या तोंडावर बोलूनही दाखवतात. "पंखा बंद झाला की जीव जातो आणि ही बघा, स्वेटर विणायला बसलीय," हे आमच्या मोठ्या काकीचं प्रत्येक भेटीतलं वाक्य. हीच काकी मे महिन्यातल्या लग्नात भर दुपारी पैठणी नेसून, अंबाड्यावर चार गजरे लटकवून तीन तास मांडवात बसते. पावडरचे ओघळ मानेपर्यंत येतात. ते शोभतं. मी सुती गाऊन घालून पंख्याखाली दोन सुया हलवल्या की मी वेडी.

आणि इथे थंडी पडत नाही हे कोणी सांगितलं? डिसेंबरात पहाटे आमचे पप्पा चिकूच्या वाडीत निघतात तेव्हा कानाला टॉवेल गुंडाळून, हात काखेत घालून, शिंकत निघतात. त्यांना मी मागे एक बिनबाह्यांचा स्वेटर विणून दिला. करड्या रंगाचा, गळ्याला सुंदर पट्टी. त्यांनी तो हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, आणि घडी घालून कपाटात ठेवला. "चांगला आहे. वाडीत खराब होईल." टॉवेल खराब झाला तरी चालतो, कान गेले तरी चालतात, स्वेटर मात्र कपाटात सुखरूप. म्हणून यंदा दुसरा घातलाय सुयांवर, मुद्दाम भिकार विटकरी रंगाचा. हा तरी घालतील.

विणायला मी मुंबईला हॉस्टेलवर शिकले. पप्पांनी मला पाठवलं होतं एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स करायला. ते झालं, बरे मार्क पण पडले, पण दोन वर्षांत हाताला लागलेली एकच खरी गोष्ट म्हणजे हे सुलट-उलट. रूममेटने शिकवलं. तेव्हा आम्ही दोघी एका कॉटवर बसून विणायचो आणि परीक्षेला, प्राध्यापकांना, मेसच्या वरणाला शिव्या घालायचो. डिग्री हातात पडली आणि ती बंगळुरूला गेली. आता ती फोनवर "यार, मला काहीतरी हँडमेड बनवून दे ना, अर्थी कलर्समध्ये," असं म्हणते. जिने मला टाके घालायला शिकवलं तिला आता सुया धरायला वेळ नाही. तिच्या शालीची वीतभर पट्टी विणून झालीय आणि मी ती मनापासून कंटाळून विणतेय. अर्थी कलर्स म्हणजे मातीचे. माती काय, इथे ढीगभर आहे, पार्सलच पाठवते.

मी मात्र परत आले. गावात असं परत येणाऱ्याकडे लोक कसे बघतात ते ज्याचं त्याला कळतं. तलासरीला एका ज्युनियर कॉलेजात मी तासिका तत्त्वावर गणित शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे काय, तर तास झाला तर तुम्ही मॅडम, नाही झाला तर तुम्ही कोण? घरून चारोटीपर्यंत एक गाडी, चारोटीला हायवेवर उभं राहून दुसरी. मधल्या वेळात हॉटेलातल्या कोपऱ्यातल्या बाकावर मी विणते. ट्रक ड्रायव्हर वडापाव खाता खाता बघतात, पण त्यांनी आजवर एकही फालतू प्रश्न विचारलेला नाही. फालतू प्रश्न विचारायला माणूस शिकलेला लागतो. स्टाफरूममधले एक सर रोज विचारतात, "काय मॅडम, एवढं शिकून आजीबाईंचं काम?" आणि मान खाली घालून परत मोबाईलवर रंगीत गोळे फोडायला लागतात.

एवढी सगळी कुरकुर ऐकून वाटेल की बाकी जग मूर्ख आणि मी तेवढी शहाणी. मला पण तसंच वाटायचं. आता खरं शेण कोणी खाल्लं ते सांगते.

माझ्या वहिनीला दिवस गेले होते. दादा वापीला कंपनीत आहे, वहिनी वाणगावची, बी.कॉम. झालेली, घरात सगळ्यात कमी बोलणारी. ही तिची दुसरी खेप होती. पहिल्या वेळी सातव्या महिन्यात बाळ गेलं. तेव्हा मी हॉस्टेलला होते. दादाचा फोन आला, दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता, मी "काळजी घ्या" असा मेसेज केला आणि त्याखाली हात जोडलेलं एक चित्र टाकलं. मग परीक्षा संपवून, दोन दिवस मैत्रिणींबरोबर फिरून, मगच घरी आले. घरी कोणी काही बोललं नाही, मी पण विचारलं नाही. संपला विषय, असं मला वाटलं.

यावेळी जानेवारीची तारीख दिली होती. नवरात्र झालं आणि मी मऊ पोपटी लोकर आणली, उंबरगावच्या दुकानातून. दुकानदाराने बाळासाठी का म्हणून त्याच्या गुजरातीत विचारलं, "बेन, बाबा माटे? आ सारूं, टोचशे नहीं." खरंच टोचणारी नव्हती. घरी येऊन पडवीत बसले आणि टाके घातले. आई तांदूळ निवडत होती. तिने सुपातून मान वर केली.

"कोणासाठी?"

"बाळासाठी. टोपी."

"आधी काही करून ठेवू नये गं." एवढंच म्हणाली. आमच्याकडे ही रीतच आहे. बाळ होईपर्यंत घरात त्याच्या नावाने एक चिंधीसुद्धा आणायची नाही. झालं की शेजारच्या एखाद्या धडधाकट पोराचं जुनं झबलं धुऊन घालायचं, आणि बाराव्या दिवशी बारशाला आत्याने नवं झबलं-टोपरं घालायचं. मग आत्या कानात नाव सांगते, बाया "कुर्रर्र" करून तिच्या पाठीत धपाटे घालतात. हे सगळं मी लहानपणापासून बघितलेलं. पण आता मी एम.एस्सी. होते ना!

"आई, टोपी विणल्याने गर्भाला काय होतं ते मला समजावून सांग," मी म्हटलं. "लोकरीतून काही जातं का पोटात?"

आईने परत सुपात डोकं घातलं. मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी वहिनीने बघितलं. चहाचा कप माझ्याजवळ ठेवताना तिची नजर सुयांवर गेली आणि तिथेच थांबली.

"ते उसव," ती म्हणाली.

"का?"

"उसव म्हटलं ना."

त्या दिवशी जेवताना मी सगळ्यांना शक्यतेवर व्याख्यान दिलं. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नसेल तर एकीमुळे दुसरीची शक्यता बदलत नाही, आणि आपल्या लोकांना कसं उगाच काहीतरी जोडायची सवय असते, मांजर काय, शिंक काय. अकरावीच्या पोरांना जेवढं कंटाळवाणं शिकवते त्याच्यापेक्षा घरी रंगवून शिकवलं. दादा म्हणाला, "सोड ना तू पण." पप्पांनी भात कालवला. वहिनी उठून ताट घेऊन आत गेली. बघा, युक्तिवाद संपला की माणसं उठून जातात, असं मी मनात म्हटलं. काय तो तोरा!

मी उसवलं नाही. पडवीत विणणं बंद केलं एवढंच. पिशवीत घालून नेऊ लागले, चारोटीच्या बाकावर, स्टाफरूममध्ये. वहिनीला त्रास नको म्हणून लपवलं असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला ती टोपी हवी होती. इतकी सुबक कडा माझ्या हातून आजवर आली नव्हती. वरचे टाके कमी करत आणले ते अगदी चक्राकार बसले. मागची शिवण कुठे आहे ते शोधून सापडू नये. दोऱ्याची टोकं मी आतून इतकी बेमालूम फिरवली की दहा मिनिटं त्याच्याकडेच बघत बसले. आत्या होण्याचा आनंद वगैरे ठीक आहे, पण सगळं कौतुक स्वतःच्या हाताचं चाललं होतं.

विणलेली टोपी ओली करून आकाराला लावायची असते. बाहेर लोक त्यासाठी फुगा वापरतात. आमच्या घरी नारळ आहेत. मी एक सोललेला नारळ घेतला, बरोब्बर बाळाच्या डोक्याएवढा, शेंडी कापून टाकली, त्याच्यावर ओली टोपी चढवली आणि माझ्या खोलीतल्या खिडकीत ठेवला. रविवारची दुपार होती, ऊन छान येत होतं. नारळाला डोळे असतात ना तीन, ते मी पुढे वळवले. टोपीखालून दोन डोळे आणि तोंड. मला हसू आलं. इतकं हसू आलं की मी फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, "आत्या लोडिंग." पाच मिनिटांत मोठ्या काकीपासून वापीच्या मावशीपर्यंत सगळ्यांचे बदाम यायला लागले. घरात एक गोष्ट लपवायची म्हणून महिनाभर पिशवीत घेऊन हिंडले, आणि मग साऱ्या गोतावळ्यात दवंडी पिटली. ज्या एका माणसापासून लपवायची तिचाही नंबर त्याच फोनमध्ये आहे, हे या संख्याशास्त्रज्ञ बाईंच्या डोक्यात आलं नाही.

वहिनी दारात येऊन उभी राहिली तेव्हा फोन तिच्या हातात होता. सातवा लागून आठवडा झाला होता. पोटावर एक हात.

"काढ ते."

"स्टेटस ना? काढते, काढते. सॉरी."

"स्टेटस नंतर. आधी त्याच्या डोक्यावरनं काढ."

मी खिडकीकडे बघितलं. तेव्हा पहिल्यांदा मला ते तसं दिसलं, तपकिरी, लहान, डोळे मिटल्यासारखं, न हलणारं. मी धडपडत उठले आणि टोपी ओढून काढली. नारळ गडगडत खाली पडला. आम्ही दोघींनी तो उचलला नाही.

आणि तरीही, माझं तोंड बघा कसं असतं, मी म्हटलं, "पण वहिनी, खरंच असं काही नसतं गं."

"मला माहितीय असं काही नसतं." ती माझ्या कॉटवर बसली, दमून. "मी पण शिकलेय. टोपीने काही होत नाही. मागच्या वेळी काय टोपीने झालं होतं?"

"मग?"

"मग नंतर ती ठेवायची कुठे, ते सांग."

मला कळलं नाही. कळलं नाही हे तोंडावर दिसलं असणार, कारण ती सावकाश, वर्गातल्या ढ पोराला सांगावं तसं सांगायला लागली.

"माझी आई मानत नव्हती हे सगळं. तुझ्यासारखीच. माझ्या जुन्या साड्या फाडून तिने सात झबली शिवली होती. दोन दुपटी. पिवळ्या साडीचं एक होतं, हिरव्या काठाचं. सगळं पिशवीत भरून इथे आणून दिलं. मी दवाखान्यातनं घरी आले तर पिशवी कपाटात तशीच. तुझ्या दादाने उचलून माळ्यावर ठेवली. माळ्यावर आहे हे मला माहीतच होतं ना. मग इथल्या आईंनी कोणाला तरी देऊन टाकली, वाडीत कामाला यायची त्या बाईला. चांगल्या मनाने दिली. तिला लेकरू होतं, कामाला आली असती ती झबली."

 मी टोपी हातात धरून उभी होते आणि पाणी पायावर टपकत होतं.

"काही महिन्यांनी वाणगावला बाजारात गेले होते. वांगी निवडत होते. समोरच्या बाईच्या कडेवर पोरगं, आणि अंगात माझी पिवळी साडी. हिरवा काठ गळ्याला. छान होतं पोरगं. गुटगुटीत. माझ्याकडे बघून हसलं पण. मी वांगी तिथेच टाकून स्टेशनात जाऊन बसले. दोन गाड्या सोडल्या."

तिने डोळे पुसले नाहीत, कारण त्यात पाणी नव्हतं. माझ्याच डोळ्यांत होतं आणि त्याचीही मला चीड येत होती. मी कोण रडणारी?

"तू शिकवतेस ना शक्यता," वहिनी म्हणाली. "मग सांग. झालंच काही, तर ही कुठे ठेवू? माळ्यावर? का देऊ कोणाला? तुझं काय, तू तलासरीला निघून जाशील. मी घरात असणारेय."

आईने सुपात डोकं का घातलं, ते मला तेव्हा समजलं. तिला माझ्या युक्तिवादाला उत्तर नव्हतं म्हणून नाही. ती पिशवी तिने स्वतःच्या हाताने घराबाहेर काढली होती. हे सगळं या घरात घडलं तेव्हा मी मेसच्या वरणाला नावं ठेवत होते. ज्याला मी महिनाभर अंधश्रद्धा म्हणून हिणवत होते ती रीत एखाद्या पोळलेल्या बाईनेच घालून दिली असणार. रिकामं कपाट परवडतं, रिकामी टोपी नाही, एवढं साधं तिला कळलं होतं. मला दोन वर्षं विद्यापीठात घालवूनही कळलं नव्हतं.

मी खाली बसले आणि उसवायला टोक शोधू लागले. सापडेना. आतून-बाहेरून, शिवणीशी, कडेशी, कुठेच नाही. माझी बेमालूम कारागिरी! नखांनी खरवडलं, सुईचं टोक घातलं, काही नाही. वहिनी बघत होती. शेवटी ती उठली, टेबलावरची कात्री आणून माझ्या हातात दिली. मी वरच्या टोकाला, जिथे सगळे टाके एकत्र येतात तिथे, कचकन कापलं. मग सुटत गेली. ओल्या लोकरीला वाकडेतिकडे पीळ राहिले होते. मी उसवत होते आणि वहिनी समोर बसून, पोटावर हात टेकवून, तिचा गुंडा करत होती, घट्ट नाही, सैल.  शेवटची ओळ सुटली तेव्हा तिने गुंडा माझ्या मांडीवर ठेवला आणि भाकऱ्या करायला गेली.

मोठ्या काकीचा फोन त्याच संध्याकाळी. "अगं, फोटो का काढून टाकलास? मी सगळ्यांना दाखवणार होते." मी म्हटलं, "नारळ नासका निघाला काकी." बंगळुरूहून पण मेसेज आला, टोपी कुठाय, पॅटर्न पाठव. उसवली म्हटलं. का, म्हणाली. चुकली होती, म्हटलं. तिला वाटलं टाक्यांत चुकली. वाटू दे.

त्यानंतरचे दोन महिने आमच्या घरात कोणी बाळ हा शब्द काढला नाही. सातवा गेला. मागच्या वेळच्या त्या आठवड्यात दादाने दोन दिवस रजा घेतली आणि कारण सांगितलं नाही. वहिनी रोज दुपारी डाव्या कुशीवर पडून हालचाल मोजायची. मी घरी असले की तिच्या शेजारी बसायचे, हातात विटकरी स्वेटर. ती मोजताना मी ओळ संपेपर्यंत श्वास सुद्धा दबकून घ्यायचे. एकदा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मी स्वेटराचे वीस टाके चुकवले. मग ती म्हणाली, "आहे. झोपलं होतं." मी वीस टाके मागे घेतले. देवाला हात जोडायची मला सवय नाही, आणि जोडलेल्या हातांचं चित्र तर मी पुन्हा कोणाला पाठवणार नाही.

जानेवारीत एका मंगळवारी मी अकरावीच्या वर्गात होते. फोन वाजत होता, मी दोनदा कापला. तिसऱ्यांदा दादाचं नाव दिसलं आणि माझ्या हातातला खडू पडला. मागच्या बाकावर कोणीतरी फिदीफिदी हसलं. मी बाहेर व्हरांड्यात आले. 

"बोल," मी म्हटलं.  दादा नुसता श्वास घेत होता. "अरे बोल ना! दादा! मेल्या, बोल काहीतरी!"

"मुलगी," तो म्हणाला आणि मग त्याचा आवाज फुटला, मोठ्ठा, लहान पोरासारखा. त्याच्या मागून एक किरटं, चिडकं, न थांबणारं रडणं ऐकू येत होतं. सगळ्या दुनियेवर वैतागलेलं.

"वहिनी?"

"बरी आहे. थांब, तुझ्याशी बोलायचं म्हणते."

फोन कुठेतरी आपटला, कोणीतरी काहीतरी म्हणालं, आणि मग वहिनीचा खोल गेलेला आवाज आला.

"बारा दिवस आहेत तुझ्याकडे," ती म्हणाली. "डोकं मोठं आहे हिचं, आत्यावर गेलीय. टाके जास्त घाल."